पॉइंट भरपूर, दिवस मोजके

ताई, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मिस्टरांचं ठिबक आणि पीव्हीसी पाइपचं दुकान आहे. मालाचे पैसे ते क्रेडिट कार्डावर भरतात, त्यामुळे कार्डावर १,६०,००० पॉइंट साठलेत. त्यातले ४०,००० पॉइंट ३१ मार्चला संपणार असा मेसेज आलाय. मिस्टर म्हणतात मालदीवला जाऊ, बँकेच्या साइटवर चार रात्रींचं पॅकेज दिसतंय, जवळजवळ फुकटात होईल. मुलगा बारा वर्षांचा आहे, मुलगी सात. सासूबाई अडुसष्टच्या, गुडघे दुखतात, पासपोर्ट नाही. त्यांना मात्र शाळेत असल्यापासून अंदमान बघायचंय. मिस्टरांचं म्हणणं, आईला पुढच्या वेळी नेऊ. दुकानामुळे पाच दिवसांच्या वर त्यांना हलता येत नाही. आणि सासूबाई म्हणतात, कार्ड म्हणजे उधारी, उधारीवर कसली सहल! पॉइंट विमानाला वापरू की हॉटेलला? आईंना नेऊ की नको? (दिवाळीत दोन महिने बिल पूर्ण भरलं नव्हतं, आता सगळं क्लिअर आहे.)
— एक वाचक, सांगली

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी साताऱ्यात अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली. कार्डाचे पॉइंट म्हणजे बँकेने दिलेला आहेर, असं मानणारी माणसं काउंटरच्या दोन्ही बाजूंना पाहिली. समजा, १५० रुपयांच्या खरेदीला ४ पॉइंट मिळतात. लाखाच्या मालावर झाले साधारण २,६६६. पॉइंटला पन्नास पैसे धरले तर १,३३३ रुपये. आता त्याच लाखाचं बिल एक महिना पुढे ढकललं, तर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये. तेराशे मिळवायला एक्केचाळीसशे मोजले. शिवाय मालवाला कार्डावर दोन टक्के जादा लावत असेल, तर लाखाला २,००० तिथेच गेले, व्याज एक पैसा न देताही तोटाच. तेव्हा सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. बिल दर महिन्याला पुरतं भरलं जात असेल आणि मालवाला वर काही लावत नसेल, तर हे पॉइंट तुमच्या मिस्टरांची कमाई आहे. दिवाळीत जे झालं ते पुन्हा होणार असेल, तर पॉइंटांसाठी म्हणून कार्ड घासणं आजच बंद करा. साठलेत ते मात्र वापरून टाका, ते परत देऊन व्याज काही माघारी मिळत नाही.

आता १,६०,००० हा आकडा. ऐकायला दणदणीत वाटतो, पण पॉइंट म्हणजे रुपया नव्हे, आणि एकाच पॉइंटची किंमत जागा बदलली की बदलते. बँकेच्या कॅटलॉगमधला मिक्सर किंवा सूटकेस घेतलीत तर पुष्कळ कार्डांवर पॉइंटला वीस-पंचवीस पैसेच पडतात. त्याच बँकेच्या प्रवासाच्या साइटवर विमानाचं तिकीट काढलंत तर पन्नास पैसे, महागड्या कार्डांवर रुपयासुद्धा. म्हणजे तुमच्या पॉइंटांचे ३२,००० होऊ शकतात किंवा ८०,०००. तुमच्या कार्डाचा दर काय, हे कस्टमर केअरला फोन करून विचारा. आणखी दोन गोष्टी त्याच फोनमध्ये विचारून घ्या. एका बुकिंगची किती टक्के रक्कम पॉइंटांनी भरता येते? बऱ्याच कार्डांवर सत्तर टक्केच चालते, उरलेले पैसे कार्डावर पडतात. आणि महिन्याला जास्तीत जास्त किती पॉइंट वापरता येतात? ही दुसरी मर्यादा लोकांना पैसे भरायच्या पानावर कळते, तोवर तिकिटाचा भाव वाढलेला असतो.

तुमचा हिशेब मांडून बघू. पाच जण, माणशी जाऊन-येऊन १८,००० धरू. भाव रोज बदलतो, हा नुसता धरायला आकडा. झाले ९०,०००. त्यातले सत्तर टक्के म्हणजे ६३,००० पॉइंटांतून, पन्नास पैशांनी १,२६,००० पॉइंट गेले. २७,००० रोख. हातात ३४,००० पॉइंट उरले, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. ‘जवळजवळ फुकट’ म्हणतात ते हे असं. राहणं, बोट, गाड्या, जेवण अजून यात धरलेलंच नाही.

आणि ३१ मार्चची घाई नको. पॉइंट संपायच्या आत बुकिंग व्हायला हवं, प्रवास नंतर झाला तरी चालतो. जाण्याची तिकिटं मार्चमध्ये काढा आणि महिन्याची मर्यादा आड आली तर परतीची एप्रिलच्या पहिल्या तारखेला. जुने पॉइंट आधी वजा होतात ना, आणि तिकीट रद्द केलं तर पॉइंट परत येतात का, की मुदत संपली म्हणून बुडतात, हेही विचारून घ्या.

एक वाट मात्र तुम्ही धरू नका. बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात पाठवायचे आणि तिथून तिकीट घ्यायचं, ही. एकट्या माणसाला, तारखा लवचीक असणाऱ्याला त्यात चांगला फायदा होतो. पण पॉइंटांवर मिळणाऱ्या जागा थोड्या असतात, कर आणि फी रोखच भरावी लागते, आणि एकदा पाठवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. आम्ही चौघं जाणार होतो. स्क्रीनवर चार जागा दिसल्या, मी ४०,००० पॉइंट पाठवले. ते पोचायला तीन दिवस लागले. तोवर जागा उरल्या दोन. आईला आणि धाकटीला विमानात बसवून आम्ही दोघांनी धावत जायचं का, असं घरचे पुढे वर्षभर विचारत होते. ते पॉइंट त्या खात्यात पडून पडून संपले. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने हे केलं, हे कृपा करून साताऱ्यात कुणाला सांगू नका.

आता मालदीव की अंदमान. मालदीव सुंदर आहे, शंका नाही. भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत, ही सोयही मोठी. पण पासपोर्ट सगळ्यांचे लागतात. सासूबाईंचा नाहीच, बाकीच्यांचे आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलेलं नाही. माले विमानतळावर उतरलात म्हणजे पोचलात असं नाही. तिथून रिसॉर्टच्या बेटावर स्पीडबोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं, त्याचे पैसे माणशी, डॉलरमध्ये. खोलीवरचे करही डॉलरमध्ये. ते कार्डावर भरलेत की परकीय चलनाचा आकार वेगळा. पॅकेजच्या पहिल्या पानावर यातलं काय धरलंय आणि काय नाही, ते भिंग घेऊन वाचा. पण खरं कारण पैशाचं नाहीच. बेटावर एकदा पोचलात की तिथे समुद्र, खोली आणि जेवण. नवराबायकोला ते चार दिवस सोन्यासारखे असतात. बारा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या दिवशी वायफायचा पासवर्ड आठवतो. लक्षद्वीपचाही विचार तुमच्या मनात येईल. त्याला आधी परवाना काढावा लागतो, आणि पाच दिवसांच्या माणसाने ते धाडस करू नये.

अंदमानला जा. आणि सासूबाईंना घेऊन जा. ‘पुढच्या वेळी’ हा शब्द अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना सांगण्यात अर्थ नसतो.

मी आमच्या आईला नेलं होतं. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधोमध मनोरा आणि त्याभोवती सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. आता त्यातल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. आई तिथल्या एका कोठडीच्या दाराशी थांबली. दाराची कडी दारावर नाहीच. ती लांबलचक, बाजूच्या भिंतीत केलेल्या खोबणीत जाऊन बसते, आतून हात कितीही लांबवला तरी पोचणार नाही अशी. आई आत गेली, गजांतून हात बाहेर काढून तिने खरंच चाचपून बघितलं. नाही पोचला. मग खाली तेलाचा घाणा दाखवलाय तिथे आलो. दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास तेल काढायचं, तेही माणसाने बैलासारखं फिरून. आईचं माहेर कऱ्हाडकडचं, घरी घाणा होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बैलाला तरी दुपारचं सोडायचे.” त्या दिवशी तिने आणखी काही पाहायला नकार दिला. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम आम्ही तिघांनीच बघितला.

हे लांबण लावलं त्याला कारण आहे. सावरकरांना १९११ साली तिथे नेलं. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. जिने चढावे लागतात. तुमच्या सासूबाई तेवढ्यासाठीच येणार असतील, तर त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. चढायला अर्धा तास लागला तरी लागू दे. कुठल्या दिवशी बंद असतं तेही तारखा ठरवण्याआधी बघून घ्या, नाहीतर वर्षानुवर्षांची इच्छा बंद फाटकासमोर फोटो काढून संपवावी लागेल.

आता दिवसांकडे येते, कारण तुमची खरी अडचण तीच. पॉइंट तुमच्याकडे भरपूर आहेत, दिवस नाहीत, आणि पॉइंटांनी दिवस विकत मिळत नाही. तास मात्र मिळतात. सांगलीहून अंदमान म्हणजे दोन विमानं. कोल्हापूर तासाभरावर आहे, तिथून हैदराबाद किंवा बंगळुरूला जायचं आणि तिथून पुढे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर मिळाली तर उत्तम. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि कोल्हापूरचं विमान दोन तास उशिरा निघालं, तर पुढचं तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. म्हणून उरलेले ३४,००० पॉइंट इथे घाला. आदल्या दुपारी निघा, मधल्या शहरात विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन खोल्या घ्या, झोपा, आणि पहाटेच्या विमानाने पुढे जा. पैसे देऊन ही रात्र घ्यायला मिस्टर तयार झाले नसते, पॉइंटांवर होतील. बेटावरची हॉटेलं मात्र पॉइंटांवर शोधत बसू नका. स्वराज द्वीपवरची (म्हणजे जुन्या हॅवलॉक बेटावरची) साधी, स्वच्छ, घरगुती ठिकाणं बँकेच्या साइटवर सहसा नसतात, आणि असतात ती चढ्या भावाची. तिथे फोन करून रोखीने ठरवा, तळमजल्याची खोली मागा.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. हॅवलॉक बेटाचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. बोटवाले आणि रिक्षावाले जुनीच नावं घेतात.

मिस्टरांकडे एक दिवस जास्त मागा. पाचाचे सहा झाले की सगळं बसतं. पहिला दिवस मधल्या शहरापर्यंत. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअर आणि दुपारी जेल. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीने स्वराज द्वीप, खाजगी वेगवान बोटीने दीड-दोन तास. तिथे दोन रात्री. पाचव्या दिवशी दुपारी बोटीने परत पोर्ट ब्लेअरला मुक्काम, सहाव्या दिवशी घर. परतीला कोल्हापूरचं विमान जमलं नाही तर बेळगाव किंवा पुण्याला उतरा आणि दुकानाची गाडी बोलवा. बोटीने येऊन त्याच दिवशी विमान पकडायचा बेत कुणीही, कितीही स्वस्तात सुचवला तरी करू नका. समुद्र खवळला की बोट रद्द होते, आणि समुद्राला तुमचा पीएनआर माहीत नसतो. मिस्टर पाचावरच अडून बसले तर स्वराज द्वीपची एक रात्र कमी करा, जेलचा दिवस नको.

शहीद द्वीप, बाराटांग, आणखी कुठली बेटं, हे सगळं टूरवाल्यांच्या कागदावर पाच दिवसांत बसवलेलं असतं. पाचही दिवस सामान बांधत आणि सोडत राहाल. सोडून द्या.

तारखा: वार्षिक परीक्षा झाल्या, १ मेला निकाल लागला की दुसऱ्या दिवशी निघा. एप्रिल छाटणीची गडबडही तोवर ओसरलेली असेल, हे मी द्राक्षवाल्या मावसभावाकडून ऐकून लिहितेय, मिस्टरांना विचारा. पण १५ मेच्या आत घरी पोचा. दरवर्षी आपण पेपरात ‘मान्सून अंदमानात दाखल’ वाचून खूश होतो. त्या दिवशी तिथे सहलीला गेलेल्याचं काय होत असेल, हा विचार कुणाच्या मनात येत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो तिथे पोचतो, केरळच्याही आधी. मेमध्ये उकाडा असतोच, सांगलीकरांना तो नवीन नाही, फक्त घाम जास्त येतो.

आणि घड्याळ. तिथेही आपलीच वेळ चालते, पण बेटं आपल्यापासून खूप पूर्वेला आहेत. मेमध्ये पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, आपल्या सांगलीपेक्षा तासाभराहून जास्त आधी. स्वराज द्वीपवरचा राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, सूर्यास्त बघायला जायचं तर चारलाच निघा. आपल्या सवयीने चहा घेऊन साडेपाचला निघालेली कुटुंबं अंधारात वाळू झटकत परतताना मी पाहिली आहेत. सकाळी काला पत्थरला जा, तो किनारा पूर्वेकडचा. सासूबाई तशाही पाचला उठत असतील.

मुलांना एलिफंट बीचला पाण्याखालचं जग बघायला न्या. पोहता येत नसलं तरी माणूस बरोबर असतो, तोंडाला नळी लावून ओढत नेतो. तोवर सासूबाईंना काचेच्या तळाच्या बोटीत बसवा. नेमून दिलेल्या जागेबाहेर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. तिथल्या खाड्यांमध्ये मगरी आहेत, पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नसतात. मुलगी शंख-शिंपले गोळा करेल, ते वाळूतच परत ठेवायला सांगा. शंख आणि पोवळी नेऊ देत नाहीत, विमानतळावर पिशवी उघडून काढून घेतात आणि सात वर्षांच्या पोरीचं रडं आवरत नाही. बोटीच्या आधी अर्धा तास उलटीची गोळी, मुलांना कुठली ते डॉक्टरांना विचारून. रोख पैसे बरोबर ठेवा, स्वराज द्वीपवर एटीएम मोजके आहेत आणि यूपीआय नेमकं बिलाच्या वेळी फिरत बसतं. भडंग न्यालच, विमानात १५ किलोच्या आत बसेल एवढी.

विमानतळावरच्या लाउंजचं एक राहिलं. कार्डावर लाउंज फुकट असतो तो बहुधा कार्डधारकालाच. मिस्टर दिमाखात पाच जणांना घेऊन आत शिरतील आणि चार इडल्यांचं बिल पुढच्या महिन्यात येईल.

बुकिंग करताना सासूबाईंचं नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच घाला. आपल्याकडे या वयाच्या बायकांचं नाव रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरं आणि आधारवर तिसरं असतं. मुलांची आधारकार्डंही घ्या, बोटीवरही ओळखपत्र बघतात. व्हीलचेअर हवी हे तिकीट काढतानाच नोंदवा, विमानतळावर त्या नको म्हणतील, तरी बसवा. गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, त्यांच्या हातातल्या पिशवीत द्या.